पंधरावरचा काटा

मी एडमंटनला गेले तेव्हा माझ्या सामानात दोन स्वेटर, आईने विणलेली एक माकडटोपी आणि थंडीविषयीचं अकोल्याचं ज्ञान एवढंच होतं. अकोल्यात थंडी म्हणजे डिसेंबरात चार पहाटे अंगावर गोधडी ओढायची आणि दिवसभर एकमेकांना सांगायचं, ‘यंदा लय थंडी हाये बाप्पा!’ बाकीचं वर्ष आम्ही कूलरच्या टाकीत पाणी ओतण्यात घालवायचो. अशा गावची मुलगी कॉलेजात शिकायला म्हणून थेट उणे तीसमध्ये जाऊन पडली. नाकातले केसही गोठतात, हे मला तिथे एलआरटीची, म्हणजे तिथल्या लोकलची, वाट बघताना कळलं. पण बाहेरच्या थंडीवर सगळेच लिहितात. हे प्रकरण घरातल्या उबेचं आहे. ती ऊब कुठून गळत होती हे शोधताना आम्ही तिघांनी जो घोळ घातला, त्यात माझा वाटा चांगला घसघशीत होता, हे आधीच सांगून टाकते.

घर दिनकरकाका आणि सुमनकाकूंचं. तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणाच्या तरी ओळखीने मला त्यांच्या बेसमेंटमधली खोली भाड्याने मिळाली होती. काका मूळचे सोलापूरचे, काकू साताऱ्याच्या, आणि लग्नानंतर जे कॅनडात आले ते तिथेच राहिले. काका एका कारखान्याच्या बॉयलर-हाऊसमध्ये इंजिनिअर होते. ते रिटायर झाले, पण त्यांच्या अंगातला बॉयलर काही रिटायर झाला नव्हता. शहात्तराव्या वर्षीही शर्टाच्या खिशात एक छोटा टॉर्च, एक पेन आणि टोकाला मॅग्नेट असलेली एक काडी असायची. मॅग्नेटचा उपयोग मी दोन वर्षांत एकदाच पाहिला, काकूंच्या साडीची पिन सोफ्यामागे पडली तेव्हा. मुलगा विक्रम व्हँकुव्हरला, सिनेमांची कॉम्प्युटरवरची कामं करणारा. त्याला मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीतच यायचं, आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याचा कपाळापासून वरचाच भाग दिसायचा. काका मला नावाने हाक मारत नसत. पहिल्या दिवशी ‘कुठली गं तू?’ म्हणून विचारलं आणि तेव्हापासून मी ‘अकोलेकर’. काकूंची मी वैशू.

शेजारच्या घरांत गरम हवा फुंकणाऱ्या भट्ट्या होत्या. काकांनी मात्र हे जुनं घर मुद्दाम निवडलं होतं, कारण इथे पाणी होतं. तळघरातला बॉयलर पाणी तापवायचा, एक पंप ते पाइपांतून घरभर फिरवायचा, भिंतींच्या कडेने जमिनीलगत बसवलेल्या पत्र्याच्या लांबट पेट्यांतून ते ऊब सोडत जायचं आणि गार होऊन खाली परत यायचं. तेच पाणी, वर्षानुवर्षं. ‘क्लोज्ड सिस्टिम आहे, अकोलेकर,’ काका म्हणाले, ‘एक थेंब आत येत नाही, एक थेंब बाहेर जात नाही. संसार असा असावा.’ त्यावर काकू वरून स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘हो ना. सगळं आतल्या आत तापत ठेवायचं.’ माझी खोली बॉयलरच्या शेजारीच असल्यामुळे मला त्याचे सगळे आवाज पाठ झाले होते. पेटताना तो ‘भप्प’ करायचा, मग पंपाची बारीक गुणगुण सुरू व्हायची, आणि थोड्या वेळाने पेट्यांचा पत्रा तापून टिकटिक करायला लागायचा, तेवढ्यात वर काकूंची फोडणी चुरचुरायची. त्या आवाजांच्या बाहेर कितीही बर्फ पडू दे, मला घरी असल्यासारखं वाटायचं.

बॉयलरच्या अंगावर प्रेशर दाखवणारं एक घड्याळ होतं. त्याचा काटा पंधरावर असला की काका सुखी. सकाळी चहाआधी आणि संध्याकाळी चहानंतर ते खाली उतरून काट्याला टिचकी मारायचे, आकडा वाचायचे आणि एका निळ्या वहीत लिहायचे. पाणी कमी झालं तर शहराच्या नळातून आपोआप भरून घेण्याची सोय अशा घरांत असते. काकांनी ती बंद करून ठेवली होती. ‘आपोआप भरलं तर गळतंय हे कळणार कसं? ऑटोमॅटिकने माणूस आंधळा होतो.’ तेव्हा पाणी भरायचं तर हाताने. एक पिवळा दांडा फिरवायचा, सूंऽऽ असा आवाज येतो, काटा चढतो, पंधरा आले की दांडा परत. पहिल्याच आठवड्यात काकांनी मला ते शिकवलं, फक्त इमर्जन्सीसाठी म्हणून. काटा पाचाच्या खाली गेला की बॉयलर स्वतःच बंद पडतो, आणि त्या थंडीत बॉयलर बंद म्हणजे काही तासांत पाइप गोठणार, फुटणार. हे सांगताना काकांचा आवाज असा व्हायचा, की मी महिनाभर झोपेतून उठून काटा बघून येत होते.

आता दह्याविषयी सांगायला हवं. काकूंचा कॅनडातला सगळा जन्म दह्याशी भांडण्यात गेला होता. हिवाळ्यात विरजण लागायचंच नाही. ओव्हनमध्ये दिवा लावून ठेव, घोंगडीत गुंडाळ, तांदळाच्या डब्यात पुरून ठेव, सगळं करून झालं होतं. हाती लागायचं ते एक तर पाणीदार, नाहीतर तार सुटलेलं. पण त्या वर्षी, नाताळ उलटला आणि काकूंचं दही असं लागायला लागलं की चमचा उभा राहावा. गोड, घट्ट, कवडी पडेल असं. काका जेवताना दोन वाट्या ओरपायचे आणि म्हणायचे, ‘सुमनच्या हाताला अखेर कॅनडाचं हवामान मानवलं.’ संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर कमालच झाली. काकूंनी वाण म्हणून प्रत्येकीला काचेच्या छोट्या बरणीत विरजण दिलं. बायका ते कोटाच्या आत छातीशी धरून गाडीपर्यंत नेत होत्या. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू, ‘सुमनताई, आमचं नाही हो लागलं!’ आणि काकू इकडे, ‘अगं, प्रेमाने लावावं लागतं.’

ते प्रेमाने कुठे लावलं जातं हे मला माहीत होतं. माझ्या खोलीसमोर जिन्याखाली एक कोठीघर होतं, त्यात तांदळाची पोती, पापड, लोणच्याच्या बरण्या. रोज संध्याकाळी काकू जुन्या शालीत पातेलं गुंडाळून खाली यायच्या, आत जायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि थोड्या वेळाने मूठभर तांदूळ घेऊन बाहेर यायच्या. मूठभर तांदळाचा भात कुणाला पुरतो, हा प्रश्न मी विचारला नाही. बॉयलर जवळ आहे म्हणून कोठीत ऊब असेल, एवढंच मला वाटलं. वाचणाऱ्याला एव्हाना सगळं कळलं असेल. आम्हाला कळायला पाच आठवडे लागले, आणि त्यातला एक जण तीस वर्षं बॉयलर सांभाळलेला इंजिनिअर होता.

नाताळनंतरच काटा उतरायला लागला. एका सकाळी काका वर आले ते चहा न घेता. ‘तेरा,’ ते म्हणाले. कुणी गेल्याची बातमी द्यावी तशा सुरात. दुसऱ्या दिवशी अकरा. काकांनी दांडा फिरवून पंधरा केले आणि शोध सुरू झाला. प्रत्येक पेटीच्या जोडाखाली टिश्यू पेपर पसरले, ओला झाला की पकडला. एकही ओला झाला नाही. मग प्रत्येक जोडावर टाल्कम पावडर. घरभर पावडरचा वास, आणि काकू वैतागून म्हणाल्या, ‘बॉयलरचं बारसं आहे का?’ मग काका एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फिरायला लागले. त्याचं टोक पाइपावर, मूठ कानाला. डोळे मिटून ते घरभर ऐकत हिंडायचे. एकदा मी क्लासवरून आले तर काका हॉलच्या भिंतीला कान लावून उभे, आणि मागे काकू हातात ताटली घेऊन, ‘ती काय म्हणते ते सांगा, आणि मग जेवायला या.’ मी हसले. काका हसले नाहीत. गळणारं पाणी कुठेतरी जायलाच हवं, आणि ते कुठेच दिसत नव्हतं.

एकदा काका मंडळातल्या मित्राकडे आणि आम्ही दोघी बाजारात गेलेलो असताना काटा पाचाखाली गेला आणि बॉयलर बंद पडला. सगळे परतेपर्यंत घरात श्वासाची वाफ दिसायला लागली होती. नेमका रविवार. काकूंच्या तोंडून ते विक्रमला कळलं. फोनवरचं कपाळ एकदम खाली आलं आणि त्याचा पूर्ण चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. ‘डॅड, धिस इज नॉट सेफ. वन मोअर टाइम अँड वी लिस्ट द हाऊस. आय मीन इट. देअर इज अ नाइस काँडो नियर अस.’ म्हणजे हे घर विकायला काढायचं आणि त्याच्या घराजवळच्या फ्लॅटमध्ये जायचं. काका म्हणाले, ‘आय विल फाइंड इट.’ विक्रम म्हणाला, ‘यू सेड दॅट टू वीक्स अगो.’ मग तो काकूंकडे वळून, जरा हळू, ‘इज ही फरगेटिंग टू फिल इट?’ काका समोरच बसले होते. त्यांच्या कानांत काही बिघाड नव्हता.

त्या प्रश्नामागे काय होतं हे मला नंतर काकूंनी सांगितलं. काकांचे थोरले भाऊ, सोलापूरचे अण्णा, विसरत विसरत गेले होते. काका शेवटचे त्यांना भेटायला गेले तेव्हा अण्णांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अदबीने विचारलं, ‘आपण कुठले?’ तेव्हापासून काका चष्मा कुठे ठेवला हे आठवेना झालं तरी घाबरायचे. निळी वहीसुद्धा त्यानंतरच सुरू झाली होती. काट्यासाठी म्हणून असली तरी ते तिच्यात स्वतःला तपासत होते.

आता माझं पाप. त्या रविवारनंतर दोन-तीन दिवसांनी मी दुपारी घरी आले तर काटा सातावर. काका वर झोपलेले. मी दांडा फिरवला, सूंऽऽ, पंधरा. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काकांना पुन्हा लागलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. आज खरं लिहिते. मला घर विकलं जायला नको होतं. कॉलेजजवळ तेवढ्या भाड्यात खोली मिळणार नव्हती, आणि खोलीबरोबर वरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तर मुळीच नाही. काकांची काळजी किती आणि माझ्या खोलीची किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. एकदा केलं, मग सवय झाली. जाता-येता काटा बघायचा, कमी असला की भरायचा. आपण किती गुणी मुलगी आहोत, असं वाटून मला झोपही छान लागायची.

तिकडे काकांनी शेवटचा उपाय काढला होता. घराचे पाइप दोन भागांत होते, वरच्या मजल्याचे आणि तळघराचे, आणि दोघांना वेगळं करणारे कॉक होते. ‘साधं लॉजिक आहे, अकोलेकर. वरचा भाग बंद करायचा. तरी काटा पडला तर गळती खाली. नाही पडला तर वर.’ सकाळी त्यांनी वरचे कॉक बंद केले, बारा आकडा लिहिला. संध्याकाळी पाहिलं तर काटा सोळावर. काका वहीकडे आणि काट्याकडे आळीपाळीने बघत राहिले. मला चूक कळली होती. त्या दिवशीचा प्रयोग मला माहीत नव्हता, दुपारी काटा खाली दिसला म्हणून मी नेहमीसारखा भरला होता, घाईत थोडा जास्तच. त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणाले, ‘काका, चहा टाकू?’

काकांनी निष्कर्ष काढला तो असा: सकाळचा आकडा आपण चुकीचा वाचला असेल, पण काटा पडला नाही एवढं नक्की, म्हणजे गळती वर. त्यांनी हॉलची भिंत फोडली. कुठे फोडायची तर स्क्रू-ड्रायव्हरला जिथे आवाज आला होता तिथे, म्हणजे त्यांच्या लग्नाच्या फोटोच्या बरोबर मागे. भोकात टॉर्च घातला. आत पाइप ठणठणीत कोरडा. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. काकूंनी फोटो पुन्हा त्या भोकावर टांगला, पण भोक फोटोपेक्षा मोठं होतं आणि चारही बाजूंनी दिसत होतं.

त्यानंतर काका बदलले. स्क्रू-ड्रायव्हर खिळ्याला अडकला तो अडकलाच. जेवताना काकू काही विचारायच्या तर ‘अं?’ करायचे. एकदा मी त्यांना बॉयलरपाशी पाहिलं. वही उघडी, आणि ते बोटाने ओळीमागून ओळ चाचपत होते. सकाळी नऊ, संध्याकाळी पंधरा. सकाळी अकरा, संध्याकाळी चौदा. बंद पाइपांतलं पाणी स्वतःहून वाढत नसतं. म्हणजे कुणीतरी भरत होतं, आणि घरात पाणी भरणारा माणूस एकच, ते स्वतः. भरून विसरत होते. दुसरं कारण त्यांना सुचलंच नाही. तीस वर्षं त्यांच्या बॉयलर-हाऊसमध्ये त्यांना न सांगता कुणी दांड्याला हात लावला नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. ज्वारीची भाकरी, पिठलं, आणि अर्थातच दही. काकांनी निळी वही माझ्या ताटाशेजारी ठेवली, वर पेन ठेवलं. ‘उद्यापासून तू लिही, अकोलेकर.’

‘मी? का काका?’

‘माझ्या लिहिण्यावर भरवसा नाही राहिला. मी भरतो आणि विसरतो. अण्णाचं असंच सुरू झालं होतं.’ मग काकूंना म्हणाले, ‘आज विक्रमला सांगून टाकू. स्प्रिंगमध्ये लिस्ट करू दे घर. अजून सही करण्याइतकी अक्कल आहे, तेवढ्यात उरकू.’ हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, भाकरी मोडता मोडता, की मी घास परत ताटात ठेवला. मला रडूच फुटलं. ‘काका, तुम्ही नाही हो विसरत. मी भरत होते. मी. रोज नाही, पण भरत होते. त्या प्रयोगाच्या दिवशी पण मीच.’

काका माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात काकूंनी हातातली पळी पातेल्यात ठेवली आणि म्हणाल्या, ‘आणि सकाळी मी.’

‘काय?’

‘सकाळी तुम्ही आकडा लिहून अंघोळीला गेलात की मी खाली जाऊन भरायचे. तुमचा गुडघा दुखतो, जिना चढून वर आलात की तोंड आंबट. म्हटलं, संध्याकाळी काटा बरा दिसला तर रात्र तरी बरी जाईल. वैशू पण भरते हे मला काय माहीत!’

मला वाटलं आता काका सुटकेने हसतील. ते भडकले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. ‘महिनाभर! महिनाभर मी रात्री जागून स्वतःला पाढे म्हणायला लावतोय! एकोणतीसचा पाढा! विक्रमचं लग्न कुठल्या हॉलमध्ये झालं, पहिल्या गाडीचा नंबर काय, आठवून आठवून बघतोय! आणि तुम्ही दोघी माझा मूड सांभाळताय?’ त्यांचा आवाज फाटला आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. काकूंनी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर तो त्यांनी झटकला, आणि मग दोनच क्षणांनी स्वतःच ओढून परत खांद्यावर ठेवून घेतला. ‘मला सांभाळू नका गं,’ ते म्हणाले. ‘मला सांगा. वाईट असेल ते सांगा. सांगितलेलं मला झेपतं.’

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. पुढे माझ्या बाबांच्या आजारपणात डॉक्टरांचे रिपोर्ट त्यांच्यापासून लपवायचे की नाही यावर घरात खल चालला होता, तेव्हा ते माझ्याच तोंडून बाहेर पडलं, काकांच्याच सुरात. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं होतं.

जेवण तसंच राहिलं. काकांनी वही ओढून घेतली आणि आमची उलटतपासणी सुरू केली. कुठल्या वारी, किती वाजता, काटा किती होता, किती केला. मी कॉलेजचे तास आठवून सांगत होते, काकू उपासाच्या वारांवरून. ‘ती चतुर्थी, म्हणजे नऊचे पंधरा.’ काका एकेका आकड्यापुढे लिहीत गेले. पिठल्यावर साय धरली. पण पान भरत आलं तसा त्यांचा चेहरा उजळायला लागला. सगळे आकडे जुळत होते. त्यांनी एकही चुकीचा वाचला नव्हता, एकही विसरले नव्हते. ‘बघ,’ ते काकूंना वही दाखवत म्हणाले, पोराने प्रगतिपुस्तक दाखवावं तसं, ‘बघ, एकसुद्धा नाही!’

दुसऱ्या दिवशी प्रयोग नव्याने. वरचे कॉक बंद, आणि आम्हा दोघींना तळघरात जायला बंदी. माझ्या स्वतःच्या खोलीत मला वॉचमन बरोबर घेऊन जावं लागलं, वॉचमन म्हणजे काका. संध्याकाळी काटा पडला होता, नीट, प्रामाणिकपणे. गळती खाली. तळघराचे पाइप मात्र काँक्रीटच्या जमिनीखालून गेले होते, पाणी खालच्या खडीत मुरत होतं, म्हणून दिसत नव्हतं. ‘आता जमीन फोडायची,’ काका म्हणाले. ‘कुठे ते माहीत नाही. अकोलेकरच्या खोलीपासून सुरू करावं लागेल, पाइप तिथून जातात.’ मी मुकाट्याने पलंगाखालची बॅग ओढली. माझी शिक्षा मला रास्तच वाटली.

काकू जिन्यात उभ्या होत्या. पदराशी चाळा चालला होता. ‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘जमीन कुठे गरम लागत असली तर काही उपयोग होतो का?’

काका सावकाश वळले. ‘जमीन गरम आहे? कुठे?’

‘मी आपलं विचारते.’

‘सुमन. कालच काय ठरलं?’

मग काकूंनी कोठीचं दार उघडलं. तांदळाच्या पोत्यांमागे, शालीत गुंडाळलेलं पातेलं. काकांनी ते उचलून माझ्या हातात दिलं, आणि गुडघा दुखतोय हे विसरून जमिनीवर बसून तिथे तळहात टेकवला. मीही हात लावला. जमीन निवत आलेल्या तव्यासारखी कोमट होती. ‘नाताळनंतर तांदूळ घ्यायला आले तर पायाला लागलं,’ काकू सांगत होत्या. ‘मला वाटलं खालून पाइप गेलाय, गरम असणारच. आणि सांगितलं असतं तर तुम्ही थर्मामीटर घेऊन बसला असता, मंडळात कळलं असतं, आणि माझ्या दह्याचं…’ काकांनी पातेल्याकडे पाहिलं, मग पोटावरून हात फिरवला. ‘पाच आठवडे,’ ते म्हणाले, ‘पाच आठवडे मी घरभर गळती शोधत फिरतोय आणि रोज दोन वाट्या खातोय.’ मग ते हसायला लागले. काकू आधी रागावल्या, मग त्याही. ‘काखेत कळसा,’ त्या म्हणाल्या, आणि हसू आवरेना म्हणून पुढचं वाक्य अर्धंच राहिलं.

प्लंबर आला तो तरुण, लाल दाढीवाला. त्याच्याकडे भिंतीआडची उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. काकांनी त्याला तो काढूच दिला नाही. खडूने जमिनीवर एक गोल काढून ठेवला होता. ‘कट हिअर,’ ते म्हणाले. त्याने काँक्रीट फोडलं आणि वीतभर खाली हिरवट पडलेला तांब्याचा पाइप, त्याला सुईएवढं भोक, आणि त्यातून वाफाळतं पाणी. ‘मॅन, हाऊ डिड यू लोकेट इट?’ त्याने विचारलं. काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘योगर्ट टेस्ट.’ त्याने आदराने मान हलवली. ही काहीतरी जुनी पद्धत असावी असं त्याला वाटलं, आणि आम्ही कुणी त्याला तसं नाही म्हणून सांगितलं नाही. काकूंनी त्याला बशीभर दडपे पोहे दिले. पाइप जोडून झाला, खड्डा बुजला, जमीन गार झाली, आणि त्या गुढीपाडव्याचं श्रीखंड दुकानातल्या चक्क्याचं झालं. मंडळात काकू सांगत होत्या, ‘यंदा माझी तब्येत जरा बरी नव्हती.’

पाइप जोडल्यानंतरच्या रविवारी विक्रमचं कपाळ फोनवर आलं तेव्हा काकांनी सगळं सांगितलं, आम्हा दोघींच्या अपराधासकट. विक्रम खूप हसला. मग म्हणाला, ‘सो, द काँडो?’ काका म्हणाले, ‘विकू कधीतरी. मी सांगेन तेव्हा. अँड विक्रम, माझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचार. आईला नको.’ कपाळ पुन्हा खाली आलं आणि पूर्ण चेहरा दिसला. मग तो पोरगा, ज्याच्या तोंडून मी मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता, म्हणाला, ‘हो बाबा.’

राहिला काटा. तो आता पंधरावर जो बसला तो हललाच नाही. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. रोज सकाळी काका खाली यायचे, काट्याला टिचकी मारायचे आणि माझ्या दारावर टकटक करायचे. ‘अकोलेकर, तू भरलंस?’ ‘नाही काका.’ मग मान वर करून जिन्याकडे, ‘सुमन, तू?’ वरून, ‘नाही हो!’ एवढं झाल्यावरच पेन उघडायचं आणि पंधरा लिहायचं. पहिले काही दिवस मला ते गमतीचं वाटलं. मग वाईट वाटायला लागलं, कारण ते विचारताना आमच्या चेहऱ्याकडे नीट बघायचे. मी कॉलेजला उशीर होत असला तरी थांबायचे, दार उघडून समोर उभी राहून उत्तर द्यायचे. काकू पण हातातलं काम टाकून जिन्याच्या तोंडाशी येऊन सांगायला लागल्या. आठ दिवस असं चाललं. नवव्या सकाळी मी बूट घालत होते. टिचकीचा आवाज आला, मग पेनाचं टोपण उघडल्याचा, मग वही मिटल्याचा. मी दार उघडून उत्तर घेऊन उभी राहिले. काका जिना चढून वर निघाले होते, आणि वरच्या पायरीवरून म्हणाले, ‘अकोलेकर, टोपी घाल, आज उणे अठ्ठावीस आहे.’